बालाजी आणि त्याच्या लाल कंधारी गायी

बालाजी गुरुवारी गेला.

सकाळी कॉलेजला निघाला होता. शर्टाची बटणं लावता लावता खाली बसला, तो उठलाच नाही.
हार्ट अटॅक. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. तो नेकनूरचा, मी युसूफ वडगाव या गावचा. एमएस्सी झूलॉजीला एका बाकावर बसलो, पुढं पीएचडीलाही एकाच लॅबमध्ये. मी माशांवर काम करायचो. त्यानं विषय घेतला लाल कंधारी गाय.

आपल्या भागातली ही तांबडी, काटक गाय. संकरात आणि बाजारात हळूहळू संपत चाललेली. जी शुद्ध जनावरं उरलीत, ती आतून एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे त्याला डीएनएवरून शोधायचं होतं.

"सगळ्या गायी एकाच वळूच्या झाल्या ना, तर एक रोग आला की सगळ्या जातील बे," तो म्हणायचा. "ते आदी बघितलं पायजे."

पीएचडी करतोय म्हटल्यावर गावांनी त्याला लगेच डॉक्टर करून टाकलं. सॅम्पल घ्यायला गेलो की कोणीतरी म्हणणारच,
"डॉक्टर, आमच्या गायीचं रक्त नेताव, मग म्हशीला एक सुई बी मारा की!"

मला हसू आवरायचं नाही. बालाजी मात्र बरोबरच्या पशुवैद्याला हात जोडायचा. "सर, तेवढी म्हैस बघता का? लई लांबून आणलीय त्यांनी."

दोन वर्षं तो असा वाड्या-वस्त्या फिरला. मोटारसायकलला मागं बर्फाचा डबा बांधलेला.

डीएनए काढायचं किट मंजूर होऊन यायचं होतं. तोवर सगळं रक्त डीप फ्रीजरमध्ये.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत लॅब बंद होती. लाईट गेली, आली, परत गेली. फ्रीजर ट्रिप झालेला कोणाला कळलाच नाही.
सुट्टी संपल्यावर आम्हीच दार उघडलं.
आधी वास आला.

बालाजीनं हातमोजे घातले, सगळ्या नळ्या बाहेर काढल्या, फ्रीजर आतून पुसला. मग बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला.

"चहा घेतो का?" मी विचारलं.
"घेऊ," म्हणाला. चहा आला. तो तसाच गार झाला.

एक सीनियर सर समजावायला आले. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाले, "अरे, थोडेफार रिझल्ट निघतील त्यातून. बाकीचं जुळवून घे. कोण तपासायला बसलंय?"

बालाजीनं त्यांच्याकडं बघितलं. मग म्हणाला,
"जुळवूनच लिहायचं होतं तर मी गावोगाव कशाला फिरलो असतो, सर?"

तो परत फिरायला लागला. पण पहिल्या फेरीनंतर मधे एक वाईट उन्हाळा गेला होता.

एका गोठ्यापुढं आम्ही दोघं उभे होतो. दावण रिकामी. मालक मान खाली घालून म्हणाले, "इकली की. कडबाच न्हाई तर काय खाऊ घालावं तिला? तुमी लवकर याचं होतं."

परत येताना गाडीवर तो मागं न बघता म्हणाला,
"आलतो की रे आपण. येऊन गेलतो."

त्याचं तेवढंच वाक्य मला या चार दिवसांत सारखं ऐकू येतंय.

नंतर फेलोशिप संपली. वडील आजारी पडले. तो ज्युनिअर कॉलेजवर लागला आणि थिसिस राहून गेला. माझा व्हायवा झाला तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या. मला त्या दिवशी त्याच्याकडं नीट बघवत नव्हतं.

मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. आवाज एकदम एमएस्सीतला.

"परत रजिस्ट्रेशन केलंय बे! नवीन गाईड भेटलेत. या टायमाला साठवायचं न्हाई. रक्त घेतलं की लगेच डीएनए काढायचा."

मग म्हणाला, "नेकनूरजवळ एका वस्तीवर कौसाबाई म्हणून म्हातारी हाय. तिच्याकडं एक गाय राहिलीय. एकच, पण अशी की बघत राहशील. रविवारी मांजरसुंब्याला ये. ढाब्यावर चहा पिऊ अन् जाऊ."

तो रविवार आज होता.

काल राख सावडली. आज सकाळी वहिनींना भेटायला गेलो. रडून रडून त्यांचा आवाज बसलाय. मी निघताना म्हणाल्या,
"भाऊजी, त्या कौसाबाईंना कोनी सांगितलंच न्हाई. त्यांच्याकडं फोन न्हाई. त्या वाट बघत असतील."

गेलो.

गाय लिंबाखाली बांधलेली होती. धुतलेली. शिंगांना तेल लावलेलं. खरंच बघत राहावं अशी.

"सकाळधरनं चरायला सोडली न्हाई तिला," कौसाबाई म्हणाल्या. "मास्तर कावून आले न्हाई?"

सांगितलं.

त्या मटकन खाली बसल्या. "अगं आई! मागल्या हप्त्यात तर इथं बसून भाकर खाऊन गेलते की."

मीही त्यांच्याशेजारी बसलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं,
"मग आता हिचं रक्त कोन घेनार, दादा?"



त्या उठल्या. गायीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन रानाकडं चालायला लागल्या.

बालाजी, राहूनच गेलं रे तुझं.
भरल्या डोळ्यांनी निरोप, मित्रा.