धुण्याचा दगड

पिवळ्या साबणाचा वास आला की मला अजून स्वतःचा संताप येतो.

वीस वर्षांपूर्वी अकोले ते भंडारदरा या वाटेवरची जुनी देवळं, कोरीव दगड नोंदवायचं काम माझ्याकडे होतं. पर्यटकांसाठी पुस्तिका निघणार होती. वाटेत एका ओढ्यावर एक म्हातारी दगडावर लुगडं आपटत होती. दगडाच्या कडेला कोरलेले घोड्याचे खूर दिसले आणि मी जीपमधून उतरून ओरडलेच, "अहो, हा वीरगळ आहे! लढाईत पडलेल्या माणसाचा दगड! कळतं का काही?"

तिचे हात कोपरापर्यंत फेसाने माखले होते. "आमचं गाव धरणात बुडालं, तवा ह्यो दगड आमी बैलगाडीत घालून आनला. तू कुठं हुतीस तवा?" तिने पुन्हा लुगडं आपटलं. साबणाचं पाणी थेट माझ्या तोंडावर उडालं. "त्येचं त्वांड खाली घातलंय, झिजू न्हाई म्हनून. मी पाठीवर धुते. नीघ आता."

ते मी कानाआड केलं. फोटो पाठवले, अर्ज केले आणि दोन महिन्यांत दगड उचलून रस्त्याकडेच्या चौथऱ्यावर उभा करवला.

परवा तिथून गेले. पाटीवर माझंच वाक्य आहे, 'दुर्लक्षित अवस्थेत सापडलेला वीरगळ'. कुणीतरी वीराच्या तोंडावर बदाम कोरून आत दोन नावं खोदली आहेत.

पाठ मात्र तिने ठेवली होती तशीच आहे, गुळगुळीत.