पट्टीमागचा पुठ्ठा

चैतराम सुताराशी न भांडता त्याच्याकडून काम करून घेतलेला माणूस बालाघाटात सापडायचा नाही. मीही भांडायलाच निघालो होतो. विहारातल्या वाचनालयासाठी दोन कपाटं त्याला सांगितली होती, चौदा एप्रिलच्या आत हवी होती, आणि जानेवारी संपत आला तरी सागाच्या फळ्या आणून टाकल्या तशाच भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत तेहेतीस वर्षं फिटर होतो. काम रेंगाळलं की माझं डोकं फिरतं. तसाच तणतणत त्याच्या शेडमध्ये शिरलो.

लाकूड कापायचं मशीन बंद होतं. चैतराम कोपऱ्यातल्या खाटेवर नुसता बसलेला. माझा आवाज चढायच्या आतच तो म्हणाला, "फिटर साहेब, कपाटं दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. माझा हात गेला. लालबर्र्याचा एक जण मशीन पाहून गेला, रविवारी टेम्पो घेऊन येऊन राह्यला. मी चाललो गोंदियाले, आम्रपालीकडं."

आम्रपाली त्याची मुलगी. ती गेल्या मार्चपासून बोलावत होती आणि हा नाही म्हणत होता. आता एकदम तयार झालेला पाहून माझं भांडण घशातच राहिलं.

"हात गेला म्हणजे काय झालं?"

त्याने उठून एक फळी माझ्यापुढे धरली. एका टोकाला बरोबर चार इंच, दुसऱ्या टोकाला पाव सूत, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर, कमी. कापलेली कड मागच्या बाजूला जळून काळी पडलेली. मग त्याने शर्ट वर केला. पोटावर हाताएवढा जांभळा डाग होता. फळी मध्येच अडकली आणि मशीनने ती उलटी त्याच्या अंगावर फेकली होती.

ज्याच्या कापाला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहायची लोकांना लाज वाटायची, त्या माणसाची ही फळी. चैतरामचा काप म्हणजे काप, असं तो स्वतःच सांगत फिरायचा, आणि राग येत असला तरी ते खरं होतं.

मशीन त्याने स्वतः उभं केलेलं, सव्वीस वर्षांचं. लोखंडी टेबल, मधल्या खाचेतून वर आलेलं गोल पातं आणि पात्याच्या उजवीकडे लांब सरळ गाईड. गाईड म्हणजे लोखंडी अँगल आणि त्याच्या अंगाला स्क्रूने बसवलेली सागाची पट्टी. फळी त्या पट्टीला घासत पुढे जाते, म्हणून सगळीकडे सारख्या रुंदीची निघते. इकडून एकाने ढकलायची, पलीकडून दुसऱ्याने ओढून घ्यायची. पलीकडे पंचवीस वर्षं रुख्माबाई उभी होती. त्याची बायको. गेल्या मार्चमध्ये तापाने आठ दिवसांत गेली.

त्यानंतर त्याने ओढायला गावातल्या नथ्थूला ठेवलं आणि दोन दिवसांत हाकललं. म्हणे, त्याला सरळ ओढता येत नाही. मग एकटाच कापू लागला, आणि प्रत्येक फळी अशीच निघाली.

"पातं बदललं, बेल्ट बदलला, बेअरिंग नवीन टाकलं," तो म्हणाला. "आता बदलाचा राह्यलो मीच."

माझ्यातला फिटर जागा झाला. खरं तर घरी करण्यासारखं काही नव्हतंच. मुलं नागपूरला, बायको दिवसभर टीव्हीपुढे. कोणी एखादं मशीन बिघडल्याचं सांगितलं तर मला लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं वाटतं. म्हटलं, "रविवारपर्यंत माझं ऐक. हात गेला की मशीन, ते मोजून ठरवू."

पहिल्या दिवशी पातं पाहिलं. एका दातावर खडूने खूण केली, तोच दात पुढे आणून टेबलाच्या खाचेपासून अंतर घेतलं, मग तोच मागे नेऊन घेतलं. केसाचाही फरक नाही. गुण्या लावला, पातं टेबलाला काटकोनात उभं. दुसऱ्या दिवशी गाईड. पात्यापासून अँगलपर्यंत पुढे मोजलं, मागे मोजलं. तंतोतंत सारखं. चैतरामनेही मोजलं, माझ्यावर त्याचा विश्वास नव्हता. तेवढंच भरलं. मग फळी लावली. ती निम्म्यात कण्हायला लागली, धूर निघाला, कड काळी.

"पाह्यलं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं आणि थोडं समाधानही, त्याचा मला फार राग आला.

शनिवारी सकाळी दात घासताना माझी ट्यूब पेटली. आम्ही दोघंही लोखंडावरून मोजत होतो. तो सुतार, लोखंडाला मान देणारा. मी फिटर, लोखंडापलीकडे काही न पाहिलेला. पण फळी अँगलला लागतच नाही. ती लागते लाकडाच्या पट्टीला. चहा न घेता गेलो आणि पात्यापासून पट्टीपर्यंत मोजलं. पुढच्या टोकाला ठीक. मागच्या टोकाला पट्टी पाव सूत आत, पात्याकडे. पुढे जाणारी फळी तिथे पातं आणि पट्टी यांच्यामध्ये चेंगरत होती.

"होऊच शकत नाही," चैतराम म्हणाला. "ते पट्टी मी स्वतः रंधा मारून बसवली."

"मग खोल."

मागचे दोन स्क्रू त्याने काढले. पट्टी आणि अँगल यांच्या फटीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा टेबलावर पडला. नीट दुमडलेला, बोटभर रुंद, दाबून दाबून पत्र्यासारखा कडक झालेला. चैतरामने तो नखाने उलगडला. गुडघेदुखीच्या मलमाच्या खोक्याचा तुकडा होता. कोपऱ्यात छापलेलं साल दिसत होतं, २०१६.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

मग तुटक तुटक सांगू लागला. त्या साली विहाराच्या चौकटींचं काम होतं. फळ्या मागच्या टोकाला रुंद निघत. गाईडचं मागचं टोक मोकळं, जोर पडला की जरासं हटतं. आणि रुख्माबाई ओढताना गाईडच्या बाजूला कलायची. तो दिवसभर तिच्यावर खेकसायचा. "सरळ उभी राह्य. सरळ ओढ. पायात जीव नाही काय तुह्या." मग एका दिवशी काप बरोबर यायला लागला.

"मी म्हटलं, शिकली एकदाची. सगळ्या गावाले सांगतलं, बायकोले मी शिकवलं म्हणून. ते हासली फक्त."

म्हणजे तिच्या गुडघ्याने सरळ उभं राहू दिलं नाही. तिने ते सांगितलं नाही. जेवढी ती कलत होती तेवढीच पट्टी तिने आतून पात्याकडे सरकवली, अंदाजाने, मलमाच्या खोक्याने. तिचा जोर पडला की पट्टी हटून बरोबर जागेवर यायची. तेहेतीस वर्षं मी मापाची हत्यारं हाताळली, तरी हे मला सुचलं नसतं. ते टोक रोज तिच्या डोळ्यांसमोर होतं. आम्ही मापंही इकडूनच हात लांबवून घेतली होती. आणि ती गेल्यावर पट्टीला मागे सारणारं कोणी उरलं नाही, पुठ्ठा मात्र राहिला.

मी म्हटलं, "भाऊ, पट्टी बसव. कापून पाहू."

पुठ्ठा शर्टाच्या खिशात ठेवून त्याने स्क्रू आवळले. एकट्यानेच फळी ढकलली, मी मुद्दाम दूर उभा राहिलो. फळी सरसर गेली. दोन्ही टोकांना चार इंच. कड तूप लावल्यासारखी.

मी खुशीत येऊन त्याच्या पाठीवर थाप मारणार होतो. तो म्हणाला, "हात गेला असता तं बरं झालं असतं."

"काहून?"

"तं गेलो असतो ना गोंदियाले. आता काय सांगून जाऊ? सगळं बरोबर आहे इथचं. फक्त आता हे मशीन एका माणसाचं झालं."

मशीन बंद करून तो टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला. सव्वीस वर्षांत तो त्या बाजूला भुसा झाडण्यापुरताच गेला असेल, तोही क्वचित; झाडायची तीच. शेडची जमीन मातीची आहे. त्याने पायाने भुसा बाजूला सारला. खाली दोन पावलांचे खळगे होते. उजवा उथळ, नुसता टेकवल्यासारखा. डावा चांगला दोन बोटं खोल. तो त्या खळग्यांत पाय ठेवून उभा राहिला आणि आपोआप गाईडकडे कलला.

मला तिथून निघून जावंसं वाटलं. माझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत, हे मला ठाऊक नव्हतं.

"एकदा म्हणे ते मले," तो तसाच उभा राहून म्हणाला, "इकडं एक स्टूल करून द्या, बसून ओढीन. मी म्हटलं, बसून काय काम होते? आणि मंग राहूनच गेलं."

भिंतीशी शेजारच्या शाळेचे बारा स्टुलं रंगवायला रांगेत ठेवलेली होती. त्याचं लक्ष त्यांच्याकडे गेलं आणि माझंही.

"एका स्टुलाले किती वेळ लागते, भाऊ?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

चैतरामने खिशातला पुठ्ठा काढला, होता तसा दुमडला आणि पुन्हा खिशात ठेवला.

"पाऊण घंटा," तो म्हणाला.