दीडपट नकाशा

"आवो, ताना की जरा. सकाळी भाकर न्हाई खाल्ली का?"

मथुरा खाली उकिडवी बसून दोरीचं टोक धरून होती. वरचं टोक माझ्याकडं. मानवतजवळच्या एका शाळेच्या भिंतीवर परभणी जिल्ह्याचा नकाशा काढायचा होता. मी पेंटर. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर शाळेत गेलो तो भिंती रंगवायलाच. मथुरा माझी बायको, आणि दोरीचं दुसरं टोक कायम तिचं.

दोरी मारणं म्हणजे काय ते सांगतो. सुती दोरी निळीच्या भुकटीत घोळायची. दोघांनी दोन टोकं भिंतीला टेकवून ताणायची. मधे चिमटीत धरून ओढायची आणि सोडायची. फट्. भिंतीवर सरळ निळी रेघ.

पुस्तकातला नकाशा चौकटीसकट सहा इंच रुंद, चार इंच उंच. त्याच्यावर पेन्सिलीने इंचाइंचाचे चौकोन पाडायचे, भिंतीवर फुटाफुटाचे. मग पुस्तकातल्या चौकोनात जेवढं असेल तेवढंच भिंतीवरच्या त्याच चौकोनात काढायचं. पूर्ण नकाशाकडं बघायचंच नाही. बघितलं की हात चुकतो.

"भाकर खाल्ली की," मी म्हणलो. "करपलेला भाग कुत्र्याला दिला, म्हणून कमी भरली."

तिला हसू आलं आणि मी तेवढ्यात दोरी सोडली. तिचा हात हलला. रेघ दुहेरी पडली. मी फडकं मागितलं.

"राहू द्या. रंगाखाली जाणार हाय. कोण बघायलंय?"

ती शेवटची रेघ होती. त्याच संध्याकाळी मथुरा भाजी चिरायला बसली ती तिथंच आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

तेराव्याचं गोड जेवण झालं आणि मी कामावर गेलो. घरी बसून भिंतीकडंच बघायचं, तर शाळेची भिंत बरी.

हेडमास्तर फाटकापाशीच भेटले. वयानं माझ्या पोराएवढे, गणित शिकवतात. मला बघून हात जोडले. मग म्हणाले, "काका, कमिटीला नकाशा लहान वाटायलाय. उंची सहा फूट पाहिजे म्हणतात."

"मग सगळं पुसून परत दोरी मारावी लागंल. चौकोन मोठे होणार."

"पुसायचं कशाला? आहेत त्या रेघा राहू द्या. चारी बाजूंनी एकेक फूट वाढवा. उंची सहा होते, रुंदी आठ."

मी भिंतीकडं बघितलं. दुहेरी रेघ तशीच होती. हो म्हणलो असतो तर ती राहिली असती.

"न्हाई जमायचं सर. चाराचे सहा म्हणजे दीडपट. मग सहाचे पण दीडपट पाहिजेत, नऊ. आठात बसवला तर जिल्हा दोन्हीकडून दाबल्यावानी दिसंल. मानवत परभणीला जाऊन चिकटंल."

"कोण मोजायला येतंय, काका?"

"तुमचा फोटो असा दाबून फ्लेक्सवर लावला तर घरचे वळखतील. पर विचारतील, सर जेवत न्हाईत का म्हणून."

ते हसले नाहीत. "मला ठाऊक आहे हो. सातवीत दरवर्षी हेच घासतो. वाढवा म्हटलं की निम्मी पोरं मिळवतात, गुणत नाहीत. दोन्हीकडं सारखंच मिळवलं म्हणजे आकार तसाच राहिला, असं वाटतं त्यांना." मग भिंतीकडं बोट केलं. "मी म्हटलं, काकूंच्या हातच्या रेघा आहेत."

"तिनं दोरी धरली म्हणूनच सांगायलोय. जिल्हा वाकडा आला तर नाव तिचंबी जातंय."

"मग दुसरं टोक कोण धरणार? शिपायाला पाठवू?"

"नको. बादली तेवढी द्या."

ओलं फडकं घेऊन डावीकडून सुरुवात केली. नीळ लगेच जाते, घासावी लागत नाही. दुहेरी रेघ शेवटी आली. तिच्यावर दोनदा फडकं फिरवलं, दोन होत्या म्हणून. हेडमास्तर वर्गात निघून गेले. भिंत वाळायला सोडून मी घरी आलो.

ज्यांना नकाशा, फोटो, काहीही मोठं करायचंय, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. एक बाजू जितक्या पटीनं वाढवली तितक्याच पटीनं दुसरी वाढवायची. फूट मिळवून भागत नाही. आणि जुन्या रेघा ठेवून नव्या मारू नयेत, लय घोटाळा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत हातोडी आणि खिळे घातले. शाळेत जाऊन खालच्या कोपऱ्यात खिळा ठोकला, दोरीचं टोक त्याला बांधलं, वर ताणलं आणि सोडलं. रेघ पहिल्याच फटक्यात सरळ आली. खिळा हसत नाही, त्यामुळं हलत नाही. पुढचा खिळा दीड फुटावर ठोकला.