डिरेक्टरीतला आमचा कारखाना

पूर्वजांचा शोध म्हणजे स्वतःच्या आत्म्याचा शोध होय. हे वाक्य आमच्या समाजाच्या सत्कार समितीने काढलेल्या अर्जाच्या डोक्यावर छापलं होतं. त्याच्या लगेच खाली दोन पासपोर्ट फोटो चिकटवायचे चौकोन होते, आणि त्याखाली सूचना: पिन मारू नये.

शंभर वर्षांहून जुन्या विणकर घराण्यांचा सत्कार व्हायचा होता. मंगल कार्यालय, व्यासपीठ, मानपत्र, सन्मानाची चादर, सगळं यथासांग. काकांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "सात नंबरचं तेवढं बघ. बाकी मी भरलंय."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय अठ्ठ्याहत्तर. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, त्यांचे आठ यंत्रमाग होते. मुलांनी वेगळ्या वाटा धरल्या, पानिपतच्या स्वस्त चादरींपुढे माग भंगारात गेले, आणि काका-काकू जुळे सोलापूरच्या नव्या वसाहतीत धाकट्याच्या फ्लॅटवर राहायला आले. तिथे शेजारपाजार सगळा नोकरदार.

"सकाळी फिरायला गेलं की जो भेटंल तो विचारतो, काका, कुठल्या खात्यातनं रिटायर झालात?" काका म्हणाले. "काय सांगू? एकदा स्टेजवर बसलो, पेपरात फोटो आला, की लॅमिनेट करून दाराबाहेर लावतो. मग कोण विचारतो बघू."

एवढ्यासाठी त्यांना तो सत्कार हवा होता. कारण मला पटलं. आत्म्याच्या शोधापेक्षा तर नक्कीच जास्त.

सात नंबरच्या रकान्यात मागितलं होतं: शंभर वर्षांपूर्वीच्या व्यवसायाचा छापील पुरावा. आमच्याकडे पुरावा होता तो बोलण्यातला. काकांच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या पणजोबांचा, चादरींचा मोठा कारखाना होता, हे आमच्या घरात दर दिवाळीला फराळाबरोबर सांगितलं जातं. माझ्या लहानपणी तो दहा मागांचा होता. मी कॉलेजात जाईपर्यंत चाळीसचा झाला. बंद पडल्यानंतरही वाढत राहिलेला सोलापुरातला तो एकमेव कारखाना असावा.

मी निवृत्त ग्रंथपाल. जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्या आता ऑनलाइन बघायला मिळतात हे मला माहीत होतं. इंग्रजी अमदानीत अशा जाडजूड डिरेक्टऱ्या निघत. गावोगावचे व्यापारी, कारखानदार, त्यांचा माल, त्यांचे पत्ते. परदेशातल्या कुठल्याशा ग्रंथालयाने त्या पानन् पान स्कॅन करून ठेवल्या आहेत. आपल्याकडच्या बहुधा वाळवीने वाचून संपवल्या.

तीन दिवस मी शोधत होतो. सोलापूर सापडलं. कापसाचे दलाल सापडले, घड्याळजी सापडले, बर्फाचा कारखाना सापडला. एका गृहस्थांनी 'गव्हर्नर साहेबांनी वापरलेल्या' केसांच्या तेलाची पानभर जाहिरात दिली होती आणि शेजारी गव्हर्नरसाहेबांचं चित्र होतं. त्यात साहेबांना टक्कल होतं. पणजोबा मात्र कुठेच नव्हते.

चौथ्या दिवशी काकूंनी माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून पाहिलं.

"नाव काय घातलंय रे?"

मी दाखवलं. आधी नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं.

"आपल्यात कोण असं सांगत होतं?" काकू म्हणाल्या. "घरनाव पहिलं, मग माणूस. तेलुगू माणूस घरनाव शेवटाला घालतो का? एवढी पुस्तकं सांभाळलीस, नि एवढं कळंना."

घरनाव आधी टाकलं आणि पणजोबा दुसऱ्या मिनिटाला आले. हातमाग चादरी आणि साड्यांचे उत्पादक, सोलापूर. इंग्रजीत, ठळक छपाईत.

काका खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहिले. मग त्यांनी मोबाइल काढला आणि सगळ्या नातलगांना फोन केले. प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच: "आता बोला की!" पानाच्या चार रंगीत प्रती काढल्या. पान काळं-पांढरंच होतं, पण काकांना रंगीत पाहिजे होत्या.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण नोकरीत लागलेली सवय. पुस्तक हातात आलं की मी मजकुराच्या मागचं-पुढचंही वाचतो.

आमच्या पणजोबांच्या खाली-वर आमच्याच गल्लीतले बावीस उत्पादक होते. प्रत्येकाच्या नावापुढे 'तारेचा पत्ता' असा रकाना होता. मोठ्या पेढ्या त्या काळी पोस्टात एखादा छोटा शब्द नोंदवून ठेवत, म्हणजे तार करणाऱ्याला पूर्ण पत्ता लिहावा लागत नसे. मुंबईच्या पेढ्यांनी तिथे 'लक्ष्मी', 'प्रोग्रेस' असले शब्द दिले होते. आमच्या गल्लीतल्या बावीसही उत्पादकांनी दिलं होतं: मारुतीच्या देवळामागे.

तारवाल्याने कुठे यायचं, असंच विचारताहेत, हा एकाचा गैरसमज होऊ शकतो. बावीस जणांचा नेमक्या त्याच शब्दांत होत नाही. मी पुस्तकाच्या सुरुवातीला गेलो. तिथे गावोगावच्या एजंटांची यादी होती. एजंटाने माहिती गोळा करायची, फॉर्म भरायचे आणि मुंबईला पाठवायचे. सोलापूरचे एजंट आमचे पणजोबा होते. घरनाव आधी.

मी दोन दिवस गप्प बसलो. काका लॅमिनेशनवाल्याकडे चौकशी करून आले होते. पण सात नंबरखाली 'वरील माहिती खरी आहे' म्हणून त्यांची सही होती, आणि उद्या दुसऱ्याच कुणी ते पान उघडलं असतं तर? तिसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा लावला आणि बावीस नावं एकेक करून वाचली. चौदाव्या नावाशी थांबले.

"ही बाई कोण म्हाईताय का? आजोबांची सासू. एक माग नि एक शेळी. ही उत्पादक?"

"दूध धरून असंल," काकू म्हणाल्या.

काका हसले नाहीत. प्रत बाजूला ठेवून म्हणाले, "मग आपला कारखाना?"

"असेल एखादा-दुसरा माग," मी म्हणालो. "बाकीचा त्यांनी फॉर्मवर उभा केला."

"आणि आम्ही येडे, दर दिवाळीला त्याच्यात माग वाढवत बसलो." त्यांनी प्रत पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, "पण इंग्रजी कुठं शिकला असंल गा तो? आणि सासूला पण सोडलं नाही." आता मात्र ते हसायला लागले, ते ठसका लागेपर्यंत. काकूंनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते समितीच्या कार्यालयात गेले. सेक्रेटरी चाळिशीचे, टिळा लावलेले, अत्यंत कामात असलेले गृहस्थ. काकांनी त्यांच्यापुढे पान ठेवलं आणि सरळ सांगितलं, "हे आमच्या आजोबानंच लिहिलंय. त्याला पुरावा म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा. मला खोटी सही नको."

सेक्रेटरींनी पान पाहिलं. मग उठून दार लावलं. कपाटातून अर्जांची फाइल काढली आणि एकेक अर्ज उलटत गेले. प्रत्येकाला जोडलेलं पान तेच होतं. पाचवा अर्ज खुद्द अध्यक्षांचा होता. हे अध्यक्ष आता बिल्डर आहेत आणि कार्यक्रमाच्या फलकावर त्यांच्या नावामागे 'विणकररत्न' छापलेलं आहे. त्यांचे आजोबा आमच्या यादीत अकराव्या नंबरला होते.

"काका," सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या आजोबांवर संशय घेतला तर कार्यक्रमच राहत नाही ओ. हॉल बुक झालाय. आचाऱ्याला सांगितलंय."

"मग असं करा," काका म्हणाले. "मानपत्रात उत्पादकच्या पुढं लिहा, 'आणि डिरेक्टरीचे सोलापूर एजंट'. ते तर खरंच होतं ना?"

सेक्रेटरींनी इतक्या लगबगीने लिहून घेतलं की पेनाचं टोपण खाली पडलं.

समारंभ झाला. तीन भाषणं झाली, तिन्हींत 'गौरवशाली' होतं. तो शब्द पाचव्यांदा आल्यावर मी मोजायचं सोडून दिलं. काकांचं मानपत्र वाचताना निवेदक 'एजंट'शी अडखळला आणि सभागृहातली काही म्हातारी माणसं उगीच टाळ्या वाजवून गेली. पाहुण्यांनी काकांच्या खांद्यावर चादर घातली, फोटोवाला पुढे आला.

फोटो पेपरात आला. काकांनी कापला, लॅमिनेट केला, दाराबाहेर लावला. परवा वरच्या मजल्यावरचे वीजखात्यातले गृहस्थ तो वाचत उभे होते. काकांनी त्यांना आत बोलावून चहा पाजला आणि सासू, शेळी आणि एजंट अशी सगळी हकिगत सांगितली. चाळीस मागांची गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा कधी इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

फोटोत एक खटकणारी गोष्ट आहे. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघताहेत, अध्यक्ष पाहुण्यांकडे बघताहेत, आणि काकांची मान खाली आहे. लोकांना वाटतं, गहिवरून आलं असेल. नीट पाहिलं तर दिसतं की चादरीचा काठ त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात धरलेला आहे. काय बघत होतात, म्हणून मी नंतर विचारलं.

चादर पानिपतची होती.