टकळीचं इंग्रजी आणि मास्तरांची दाढी

गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या न्हाव्याला सगळे टकळी म्हणायचे. नवख्याला वाटायचं, टकला असेल. छे हो! डोक्यावर हे एवढं रान. नाव पडलं होतं ते जिभेमुळे. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की टकळी सुरू, ती तुरटी फिरवून पावडर लावेपर्यंत. तीस वर्षांत त्याच्या खुर्चीत कुणाला डुलकी लागली असेल तर शपथ.

अशा माणसाला देवानं नेमकं इंग्रजीत बोलायला लावलं. दुकान ज्या इमारतीत होतं, ती पाडायला काढली. महिन्याभरात जागा खाली करायची होती. पुढे वाटा दोनच. एक, गावाच्या दुसऱ्या टोकाला उघडणाऱ्या मोठ्या हॉटेलातल्या सलूनची नोकरी. तिथे देशोदेशीचे पाहुणे उतरणार, म्हणून मुलाखत इंग्रजीत. दुसरी वाट मेहुण्याची.

"दाजी, कशाला जिवाला घोर लावून घेता?" मेहुणा म्हणाला होता. "माझ्या दुकानात या. सुरुवातीला केस झाडा, टॉवेल वाळत घाला, मग बघू."

मग बघू! ज्याला कात्री कुठल्या बोटांत धरायची तेसुद्धा टकळीनं शिकवलं, तो हा दीडशहाणा. वर त्यानं दाजींच्या मापाचा अ‍ॅप्रनही शिवून ठेवला, आणि त्याच्या खिशावर 'मदतनीस' असं भरतकाम करून घेतलं. तो अ‍ॅप्रन बघून टकळीचा पापड मोडला.

"त्या अ‍ॅप्रनमध्ये शिरण्यापेक्षा मी तळ्यात शिरेन," तो घरी येऊन बायकोला म्हणाला.

"आधी इंग्रजीत शिरा," बायको म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

शिकवणारा माणूस आयताच होता. शाळेतून निवृत्त झालेले इंग्रजीचे मास्तर एक दिवसाआड दाढीला यायचे. उजवा हात थरथरायचा, त्यामुळे वस्तरा स्वतः धरायची सोय उरली नव्हती. पण हे कबूल करतील तर ते मास्तर कसले! "मी दाढीला येत नाही, तुझं अज्ञान बघायला येतो," असं म्हणायचे. राहायचे एकटे, मेहुण्याच्या दुकानाच्या अगदी वर. तरी वीस मिनिटं चालत टकळीकडे यायचे. एकदाच मेहुण्याकडे गेले होते, तेव्हा कानाची पाळी थोडक्यात वाचली होती.

"मुलाखतीत पहिला प्रश्न कुठला?" मास्तरांनी आरशातून विचारलं. "इंट्रोड्यूस युवरसेल्फ. म्हणून सुरुवात तिथूनच. काम करणारा आणि ते काम सोसणारा एकच असला, की पुढे सेल्फ लागतं. आय हर्ट यू, म्हणजे मी तुला दुखवलं. आय हर्ट मायसेल्फ, म्हणजे मी मलाच. ही हर्ट हिमसेल्फ, शी हर्ट हरसेल्फ. समोर एक गिऱ्हाईक असलं तर युवरसेल्फ, दोन असली तर युवरसेल्व्ह्ज."

"माय वरून मायसेल्फ, तर हिज वरून हिजसेल्फ का नाही?"

"ते इंग्रजांना विचार. दाढी कर."

झालं! टकळीला मायसेल्फ इतकं आवडलं की तो ते पावडरीसारखं सगळ्यांच्या मानेवर उडवायला लागला. आय गो मायसेल्फ, आय ईट मायसेल्फ, आय फील मायसेल्फ गुड. मास्तर तोंडाला फेस असतानाच ओरडायचे, "अरे, सगळ्या क्रियापदांना नाही लागत! एन्जॉयला लागतं, बिहेवला लागतं. फीलला नाही, रिलॅक्सला नाही. आणि वॉश, शेव्ह, ड्रेस, ही कामं माणूस आपली आपणच करतो असं इंग्रज धरून चालतात, तिथे मुद्दाम सांगावं लागत नाही."

"धरून चालतात? मग मी उपाशी मरेन की!" टकळी म्हणाला.

आणि खोडी बघा याची. जिथे शंका असेल, तिथे हा प्रश्न राखून ठेवायचा आणि वस्तरा बरोबर गळ्याच्या घाटीवर आला की विचारायचा, "आय सिट मायसेल्फ इन द चेअर. बरोबर ना, मास्तर?" मास्तर बिचारे काय करणार? मान हलवायची सोय नाही, तोंड उघडायची सोय नाही. "हं," एवढंच म्हणायचे. मग फेस पुसला की जो काही उद्धार व्हायचा!

एकदा मात्र मास्तरांना राहवलं नाही. चुकीचं वाक्य ऐकून त्यांची मान हलली आणि हनुवटीवर रक्ताचा थेंब आला.

"सॉरी, मास्तर! आय कट युवरसेल्फ!"

"यू! नुसतं यू!" मास्तर खुर्चीतून उठले. "कापलंस तू, कापला गेलो मी! दोघं वेगळे आहोत ना, गाढवा?"

टकळीनं तुरटी लावली. त्या दिवसापासून तो नियम त्याच्या डोक्यात पक्का बसला. एरवी महिनाभर फळा खरडून बसला नसता.

मुलाखतीला टकळी इस्त्रीचा शर्ट घालून गेला. टेबलापलीकडे हॉटेलच्या मॅनेजरबाई आणि शेजारी मुख्य आचारी. टकळीच्या पाठीमागे काचेच्या दारांचं एक कपाट.

"इंट्रोड्यूस युवरसेल्फ," बाई म्हणाल्या.

आणि काय सांगू, टकळी बंद! शब्द सगळे पाठ होते, पण एकही बाहेर येईना. आचाऱ्यानं प्रश्न पुन्हा विचारला. टकळीच्या डोळ्यांपुढे तो भरतकामाचा खिसा नाचायला लागला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की तीस वर्षांत आपण कुणाशी समोरासमोर बोललोच नाही. जे बोललो ते गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभं राहून, आरशात बघून. घरीसुद्धा बायको समोर आली की हा गप्पच असायचा आणि ती बिचारी समजायची, दमला असेल.

तो उठला. बाईंना वाटलं, पळाला. पण तो टेबलाला वळसा घालून थेट बाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. समोर कपाटाच्या काचेत बाई दिसल्या, त्यांच्यामागे आपण दिसलो, आणि टकळी फिरली ती फिरलीच.

"गुड मॉर्निंग, मॅडम. प्लीज रिलॅक्स. लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ. आय अ‍ॅम बार्बर, थर्टी इयर्स..."

हा काय प्रकार म्हणून बाईंनी मान वळवली. सवयीचा हात तो! टकळीनं दोन बोटांनी त्यांचं डोकं अलगद धरलं आणि पुन्हा सरळ केलं.

"डोन्ट मूव्ह, मॅडम. यू विल हर्ट युवरसेल्फ."

आचाऱ्याला पाणी पिता पिता ठसका लागला. टकळीला आपण काय केलं ते कळलं आणि त्यानं हात झटकन मागे घेतला. मॅनेजरबाईंच्या डोक्याला हात! गेलं सगळं, शीर आता त्या अ‍ॅप्रनमध्ये. बाई काचेतून त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी इंग्रजीतच विचारलं, "माझे केस कसे कापलेत?"

आता खोटं बोलून तरी काय मिळणार होतं? "लेफ्ट साइड वन फिंगर डाउन," तो म्हणाला. "युवर बार्बर, पुअर मॅन, वॉज नॉट एन्जॉयिंग हिमसेल्फ."

बाई हसल्या तशा आचाऱ्यालाही हसायची परवानगी मिळाली. सोमवारपासून, सकाळी सातला, असं ठरलं.

टकळी नाचतच घरी आला. मेहुण्याला त्यानं रस्त्यातूनच निरोप धाडला, की अ‍ॅप्रन उसवून पायपुसणं कर. बायकोला सगळी हकिगत रंगवून सांगितली, दोनदा सांगितली. तीही पोट धरून हसली आणि हसता हसता थांबली.

"अहो, पण दुकान बंद झाल्यावर मास्तरांचं काय हो?"

"म्हणजे?"

"नापास झाला असतात तर त्यांच्या घराखालीच आला असतात की. जिना उतरले की दाढी. आणि तरी तुम्हाला घोटवून घेतलं त्यांनी."

एवढा महिनाभर त्या माणसाच्या गळ्याशी वस्तरा धरून खोड्या काढल्या, आणि हे साधं आपल्या डोक्यात येऊ नये? स्वतःचीच लाज वाटली त्याला.

सोमवारी पहाटे साडेपाचला तो सामानाची पेटी घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मास्तरांच्या गालावर आणि हनुवटीवर वर्तमानपत्राचे पाच-सहा तुकडे चिकटवलेले होते, प्रत्येकाच्या मधोमध लाल ठिपका. अर्धा गाल तसाच खुंटांचा राहिला होता.

"हे काय, मास्तर? मी मेलो होतो का?" टकळी ओरडलाच. समोर आरसा नव्हता, काच नव्हती, तोंडावर ओरडला.

मास्तरांनी थरथरणारा हात पाठीमागे नेला. टकळीनं त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, पाणी गरम केलं, कागदाचे तुकडे एकेक करून भिजवून काढले. डोळे भरून आले होते, पण हात हलू दिला नाही.

"एक दिवसाआड येत जाईन, कामावर जायच्या आधी," तो म्हणाला. "चालेल ना?"

या वेळी वस्तरा गळ्यावर नव्हता. मास्तरांना हवं ते बोलता येत होतं.

"रोज ये," मास्तर म्हणाले.