निळ्या जाळीखालची बुटकी फुलं

नेफ्ताली समोर आला की तार्सिला हसायची. चर्चमध्ये, दुकानात, दूध घालायला जाताना, कुठेही. तीन वर्षं तिने हे हसू जपलं. नेफ्ताली तिच्या मुलीचा धर्मपिता, म्हणजे तो तिचा कोम्पाद्रे आणि ती त्याची कोमाद्रे, म्हणजे घरचाच माणूस. घरचा होता म्हणूनच तर त्याला एवढं आत शिरता आलं.

इरासू ज्वालामुखीच्या उतारावरच्या त्या गावात शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याची पालखी कोणाच्या फुलांनी सजणार, हे देठाच्या लांबीवर ठरतं. चर्चच्या पायरीवर बैल हाकायची जुनी काठी उभी करतात. तिच्यावर एक पितळी कडं आहे. ज्याचं फूल त्या कड्याच्या वर जाईल त्याचा मान, आणि पालखीला रिबीन त्याच्या नावाची. तार्सिलाचा नवरा एवेल्यो आयुष्यभर त्या रिबिनीसाठी झुरला. दरवर्षी थोडक्यात हुकायचं. शेवटी एका वर्षी त्याचा लिसिआन्थस असा काही वाढला की फुलं कड्याच्या वर जाणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पाकळ्या पांढऱ्या, कडेला जांभळी रेघ. आणि सणाच्या आठवडाभर आधी एवेल्यो छातीत कळ येऊन गेला.

नऊ दिवस घरात जपमाळ चालली होती. माणसांची रीघ, केळीच्या पानात उकडलेल्या तामालांची पातेली, कॉफीवर कॉफी. नेफ्तालीने तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, कोमाद्रे, तुम्ही बसून राहा, मागचं मी बघतो. त्याने बघितलं ते असं. सणाच्या दिवशी काळ्या कपड्यांत ती चर्चच्या दाराशी उभी होती, आणि समोरून पालखी गेली ती एवेल्योच्या फुलांनी भरलेली. जांभळी रेघ तिने लांबूनच ओळखली. रिबिनीवर नाव होतं नेफ्तालीचं.

नंतर त्याने नजर न चुकवता सांगितलं, "वाया गेली असती, कोमाद्रे."

तार्सिला तेव्हा बोलली असती तर लोक म्हणाले असते, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला. नेफ्ताली मात्र ती फुलं आपण कशी वाढवली ते दुकानात बसून रंगवून सांगू लागला, आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं. याचाच तिला जास्त संताप होता. चोराने निदान चोरी लक्षात तरी ठेवावी.

एवेल्यो पूर्वी शोभेच्या झाडांच्या एका मोठ्या रोपवाटिकेत कामाला होता. तिथून त्याने रंगीत शेडनेटचे तुकडे आणले होते आणि घरामागे सुरूच्या झाडांआड थोडी रोपं लावून गंमत बघत बसायचा. काळी जाळी नुसतं ऊन कमी करते, तो तिला सांगायचा. लाल जाळीखालचा उजेड वेगळा, तिथे रोप गर्दीत उभं असल्यासारखी मान ताणतं. निळ्या जाळीखाली त्याला वर जायची घाईच नसते, बसकं राहतं, पानं गडद, देठ तोकडा. तिने तेव्हा हं हं केलं होतं. आता तिला त्याचा शब्दन् शब्द आठवला.

नेफ्तालीला कुंपणावरून डोकावायची जित्याची खोड. तार्सिलाने खत बदललं की तो बदलायचा, तिने पाट वळवला की तोही वळवायचा. म्हणून तिसऱ्या वर्षी डिसेंबरात तिने रस्त्याकडेच्या शेडवर निळी जाळी चढवली, आणि लाल चढवली मागे, सुरूंच्या आड. मागची रोपं तिने पिशव्यांतच वाढवली. दुपारी धुकं उतरलं की त्यातल्या उंच उंच रोपांच्या पिशव्या पुढे आणून निळ्या जाळीखाली काठापर्यंत मातीत पुरायची. तिची कंबर मोडून गेली. पण कुंपणापलीकडून बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की निळ्या जाळीखाली लिसिआन्थस झपाट्याने वाढतोय.

नेफ्तालीने महिन्याभरात सगळ्या शेडची काळी जाळी उतरवून निळी चढवली. मार्चमध्ये तो जरा चिंतेत विचारायला आला, की रोपं बसलीत ती उठतच नाहीत. तार्सिलाने त्याला गुळाचं गरम पाणी दिलं आणि धीर दिला: आधी मुळं धरतात, मग शेवटी एकदम झेप घेतात. नेफ्ताली समाधानाने घरी गेला. तिला त्या रात्री अतिशय छान झोप लागली.

मे महिन्यात काठी पायरीवर उभी राहिली. तार्सिलाचं फूल कड्याच्या वर गेलं. नेफ्तालीचं कड्याच्या निम्म्या उंचीलाही पोचलं नाही, आणि मागून कोणीतरी विचारलं की बाकीचं घरी विसरलात का. गाव हसलं. नेफ्ताली टोपी हातात घेऊन तिच्या फुलांकडे बघत राहिला.

एवढ्यावर ती थांबली असती तर भली बाई म्हणवली असती. तिला भलं व्हायचं नव्हतं. पालखी सजवताना समितीच्या मेल्बाबाईंना तिने सगळ्यांसमोर सांगितलं, की संताच्या पायाशी बैल आहेत, त्यांच्या खुरांभोवती भरायला बुटकी फुलं लागतील. माझी तर सगळी लांब आली. बुटकी गावात फक्त कोम्पाद्रेंकडे आहेत.

संताला नाही कोण म्हणणार? नेफ्तालीने आपल्या हाताने शेडमधली सगळी फुलं कापली आणि बादल्या भरून आणल्या. त्या तिच्यापुढे ठेवताना तो हळूच म्हणाला, "निळी जाळी तुम्ही मुद्दाम लावलीत ना?"

"मी माझ्या शेडवर लावली. तुमच्या शेडवर कोणी लावली?"

"एवढा घरोबा आपला, कोमाद्रे. सगळं पीक गेलं माझं."

तार्सिलाने बादली आपल्याकडे ओढली, आणि तीन वर्षं जपलेलं हसू एकदाचं मनापासून हसली. "असू दे. वाया गेली असती, कोम्पाद्रे."

त्याला कळलं. मानेपर्यंत लाल झाला.

सूड घेतल्यावर मन रिकामं होतं असं पाद्री सांगतात. तार्सिलाचं काही रिकामं झालं नाही, उलट भरून आलं. तिने खुरांभोवती ती फुलं स्वतः खोचली आणि वर रिबीन बांधली, एवेल्योच्या नावाची. पालखीचा पुढचा उजवा दांडा दरवर्षी नेफ्तालीच्याच खांद्यावर असतो, कारण त्याच्याएवढा उंच गावात कोणी नाही. त्या दिवशी वारा होता. गावभर ती रिबीन त्याच्या तोंडावर येत राहिली, आणि दोन्ही हात दांड्याला असल्यामुळे त्याला ती बाजूला करता आली नाही.