गाळ लोटणारी लॉरी

कारखान्यात गंजके बोल्ट आणि किस्से, दोन्ही कोपऱ्यात साठत जातात. बोल्ट कधीतरी भंगारात जातात, किस्से कुणी उचलून नेत नाही. निजामीच्या शेवटच्या काळात मी नांदेडला लॉऱ्यांच्या कारखान्यात फिटर होतो. हे तिथल्या दगडूमिस्त्रीचे किस्से.

*

पूर ओसरला की कंधारच्या रस्त्यावर गाळ बसायचा आणि मालकांच्या कापसाच्या लॉऱ्या अडायच्या. एकदा मालकांनी विलायती मासिकातलं चित्र आणलं. लॉरीच्या तोंडाला लोखंडी फळी, समोर बर्फाचा ढीग.

"अशी फळी आपल्या जुन्या लॉरीला लाव. गाळ लोटला तर गाडी ठेवू, नाहीतर भंगारात."

त्या लॉरीवर मिस्त्रीचा फार जीव. बारा वर्षं त्यानंच तिला चालती ठेवली होती. चित्र बराच वेळ पाहून त्यानं एवढंच विचारलं, "इतक्या थंडीत इंजिन सुरू कसं करतेत?"

*

कापसाच्या जिनिंग मिलमधल्या जुन्या बॉयलरचा पत्रा मिळाला. लॉरीची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, एका अपघातात डावीकडं वाकलेली होती. मी म्हणालो, "आधी चासी सरळ करू." आणि पत्र्यावर खडूनं सरळ खुणाही केल्या.

मिस्त्रीनं त्या तळहातानं पुसल्या, माझा खडू खिशात टाकला आणि वाकड्या चासीच्या मापानं तिरकी भोकं पाडली. म्हातारा थकला, असं वाटून मला वाईट वाटलं.

*

पहिल्या दिवशी फळी गाळात रुतली आणि मागची चाकं जागीच फिरायला लागली. बांधावरचा एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "वखर हलका पडला तर आमी वर बसतो. तुमी उगं हुभे कामून?"

आम्ही सगळे मागं चढलो. मालक पुढं बसायला निघाले, तर मिस्त्री म्हणाला, "पुढं नको मालक, वजन मागं लागतंय." मालक कापसाच्या पोत्यासारखे मागं बसले. संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा झाला.

*

महिनाभरानं मालकांनी नवीकोरी लॉरी आणली. "फळी आता हिला लाव, जुनी मोडीत काढ."

दिलेला शब्द असा मोडलेला पाहून मला रागच आला. मिस्त्री मात्र "जी मालक" म्हणून कामाला लागला. दुपार झाली तरी फळी काही बसेना.

"दुसरी भोकं पाड," मालक म्हणाले.

"पत्रा चिरंल, मालक. जुना हाय."

"मग?"

"बसंल की. फकस्त नवी गाडी आधी जुनीएवढी वाकवावी लागंल."

मालकांनी नव्या लॉरीच्या चकचकीत बॉनेटवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ दे. जुनीलाच लाव."

ते गेल्यावर मिस्त्रीनं खिशातून माझा खडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला.